पाय कुणाचा

"तुमचा पाय जड पडतो, आप्पा. वय आहे," म्हणत चारूने गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

काल सिग्नलला जुन्या गाडीचं इंजिन उभ्या-उभ्या किंचाळलं होतं. पुढून शाळेतली पोरं रस्ता ओलांडत होती. "मी पाय ठेवलाच नव्हता," आप्पा सांगत राहिले.

गॅरेजात मेस्त्रीने गाडी पुन्हा पुन्हा चालू केली. प्रत्येक वेळी गरीब गाय.

"गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि आप्पांच्या पायांकडे बघितलं.

"विकूनच टाकू." चारू स्वतः स्टिअरिंगमागे बसली. आप्पा फुटपाथवर उभे राहिले, काल पोरांना काही झालं असतं तर, हाच विचार करत.

इंजिन हळू

हळू

आणि एकाएकी किंचाळलं.

चारूने दोन्ही पाय वर घेतले होते. "आप्पा, मी पाय ठेवलाच नाही!"

मेस्त्रीने बॉनेट उघडलं. वाळक्या झेंडूचा दोरा ॲक्सिलरेटरच्या तारेत कधी अडकत होता, कधी सुटत होता. दसऱ्याला इंजिनालाही हार हवा, म्हणून चारूनेच तो बांधला होता.

आप्पा खिडकीशी वाकले.

"वय आहे," म्हणाले, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.