ओळख बोट्स्वानाची

"आधी सगळ्यांनी म्यूट करा बघू," नंदकुमार म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे कुणीही केलं नाही. मराठी मंडळाची झूम म्हणजे भरलेलं लग्नघर. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडे फोडणीची चुरचुर, तिसरीकडे पोरांची मारामारी. मंडळाचे सचिव म्हणून नंदकुमारांनी लॉकडाउनपासून घसा कोरडा केला होता. मंडळींनी कधी मनावर घेतलं नाही.

इकडे युरोपात, टॅला उपनगरातल्या घरी सारंग अपूर्वाला मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर त्याची बायको रेवती, बोट्स्वानातल्या एका तंबूच्या दारात. नाताळच्या सुट्टीत मंडळातली काही कुटुंबं तिच्याबरोबर तिकडे जाणार होती. तिच्या नव्या ट्रॅव्हल कंपनीची ही पहिलीच सहल. म्हणून ती आधी एकटी जाऊन सगळं बघून घेत होती, आणि आज तिथूनच पाहुण्यांना देशाची ओळख करून देत होती. रविवारी ती परत येणार होती.

"इज मॅमी होम संडे?" अपूर्वाने पुन्हा विचारलं.

"हो गं बाई, संडेलाच."

रेवती रंगात आली होती. हत्ती कसे तंबूला खेटून जातात, जीपमधून हात बाहेर का काढायचा नाही, सगळं साभिनय चाललं होतं.

"मुगाची खिचडी मिळेल ना गं तिकडे?" सुलक्षणाताईंना भलतीच काळजी.

"मिळेल की! आमच्या गाइडला, कागिसोला, शिकवलीय मी." सगळे हसले. रेवतीही हसली, आणि हसता हसता खोकली. "धूळ हो इथली," म्हणाली, आणि पुन्हा खोकली.

सारंगला ते आवडलं नाही. ती सकाळी फोनवरही अशीच खोकत होती, आणि तिचा दमा त्याला चांगला ठाऊक होता.

"आता एक महत्त्वाचं," रेवतीने फोन बाहेर अंधाराकडे धरला. हजारो बेडूक एका सुरात ओरडत होते. "हा गोंगाट आहे तोवर खुशाल झोपा. कागिसो म्हणतो, हे सगळे एकदम गप्प झाले ना, की जागचं हलायचं नाही. काहीतरी जवळ आलेलं असतं."

"बाप रे!" कुणीतरी हौसेने म्हणालं.

तेवढ्यात सुलक्षणाताईंनी मान खाली घातली. शेजारच्या चौकटीतल्या नितेशनेही. सारंगचा फोन उजळला. विषाणूचं नवं रूप सापडलं होतं. दक्षिण आफ्रिकेत आणि बोट्स्वानात. तिकडून युरोपात येणारी विमानं थांबवायला सुरुवात झाली होती. अपूर्वाला हल्ली वाचता येत होतं, म्हणून त्याने फोन झटकन पालथा ठेवला.

"रेवती," लेटरकेनी गावचे डॉक्टर विनय आज पहिल्यांदाच बोलले, "खोकला कधीपासून आहे?"

"परवापासून असेल. का हो? मी एकदम ग्रँड आहे, ठणठणीत."

विनयनी माइक बंद केला. त्यांच्या नावाशेजारी माइकवर लाल रेघ उमटली. मग सुलक्षणाताईंच्या नावाशेजारी. कुकरची शिट्टी मध्येच तुटली. फोडणी बंद झाली, पोरांची मारामारी बंद झाली. एकेक करत सगळं मंडळ म्यूट झालं. चौकटीचौकटीत नवरा-बायकोचे ओठ तेवढे हलत होते, आणि नजरा मात्र पडद्याच्या मधोमध, रेवतीवर. नंदकुमारांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, चष्मा सारखा केला, आणि त्यांच्याही नावाशेजारी लाल रेघ आली.

रेवतीच्या मागे बेडूक ओरडतच होते.

"अहो, काय झालं?" ती पडद्याच्या अगदी जवळ आली. "सगळे असे एकदम गप्प का झालात? सारंग?"

अपूर्वाने वळून बाबाच्या तोंडाकडे पाहिलं. सारंग जागचा हलला नाही.