सूप करणारीची ओटी

खुर्चीत टेकल्या तरी सरूबाईंनी मांडीवरची पिशवी काही खाली ठेवली नाही. पिंपळे सौदागरमधलं हे फ्रेंच हॉटेल त्यांच्या लेकीच्या सोसायटीखालीच होतं. टेबलं इतकी लहान, की घरचं पोळपाट बरं. समोर तेजल बसली होती, पाचव्या महिन्यातली, आणि मन लावून जेवत होती. ती जेवतेय हे बघूनच सरूबाईंचं निम्मं पोट भरलं होतं.

तेजलचे डोहाळे फार कडक निघाले. पाणीसुद्धा पोटात ठरेना. सलाइन झाली, डॉक्टरांना बाळाची काळजी लागली. चाकणजवळच्या गावाहून सरूबाई धावत आल्या. मऊ भात झाला, पेज झाली, दुधात कुस्करलेली भाकरी झाली. सगळं उलटून पडलं. टिकलं ते एकच, या हॉटेलातलं सूप. हॉटेल उघडायचं दुपारी, पण तेजलसाठी डबा सकाळीच वर यायचा.

आज ते सूप पहिल्यांदाच सरूबाईंच्या पुढ्यात आलं. त्यांनी एक चमचा चाखला, मग दुसरा.

"आगं, ह्यो तर कांदा हाय."

कांदाच, तेजल म्हणाली. मंद आचेवर लाल होईतो परतलेला. सरूबाईंनी कपाळाला हात लावला. जन्म कांद्याच्या वावरात गेला, आणि लेकीला मळमळेल म्हणून घरात कांदा चिरायला बंदी त्यांनीच घातली होती. आपल्या हातचं टिकलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं. पण या वाडग्यानं नातवंड राखलं होतं. त्यापुढं बाकीचं काय घेऊन बसायचं.

त्यांनी वाढणाऱ्या मुलीला हाक मारली आणि सूप करणारीला बाहेर पाठवायला सांगितलं. पिशवीतून नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकवाची डबी निघाली. अशी चव बाईच्याच हातची, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. तेजल "अगं आई" म्हणेपर्यंत ती मुलगी आत गेलीसुद्धा.

बाहेर आला तो सूप करणारा ऋतिक. दाढीवाला, आडव्या अंगाचा, पांढरा ॲप्रन बांधलेला.

सरूबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग हातातल्या खणाकडं. ओटीचं सामान आणलं तसं परत नेत नाहीत. नेलं तर लेकीच्या जिवाचे आभार पिशवीतच राहिले असते. त्यांनी त्याच्या बायकोची चौकशी केली. लग्न व्हायचं होतं. आई होती, पण ती तिकडं उदगीरला.

"मग वटी कुनाची भरू, बाबा?"

शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले होते. तेजलनं मान खाली घातली. ऋतिक मात्र हसला नाही. त्यानं हात पुसले, ॲप्रनची दोन्ही टोकं धरली, बायका पदर धरतात तशी, आणि थोडा वाकला.

"भरा, मावशी. गावी गेलो की आईला नेऊन देतो."

सरूबाईंचे डोळे भरले. त्यांनी कुंकू नारळाला लावलं, ॲप्रनमध्ये खण ठेवला, त्यावर नारळ, आणि वर ओंजळभर तांदूळ घातले.

"तुज्या आईला सांग," त्या म्हणाल्या, "पिंपळ्यात माज्यासंगं तुलाबी नातवंड व्हायचंय म्हनावं."