उणे अठरा

विजयमालाबाईंनी फोन टेबलावर ठेवला. "आपल्या वर्गाच्या ग्रुपवर एका पालकांचा निरोप आलाय. नीट ऐका."

शिवांजलीनं मान वर केली नाही. काल ग्रुपवर बाईंनी विचारलं होतं, उणे अठरा आणि उणे बारा यांत मोठी संख्या कोणती? आईच्या फोनवरून तिनं सगळ्यांच्या आधी 'उणे अठरा' धाडलं आणि वर्गातल्या मल्हारनं त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लावली. आज ती मागच्या भिंतीला चिकटून बसली होती.

फोनमधून आधी नुसता वारा ऐकू आला. मग आवाज.

"पोरांनो, मी हवालदार उदयसिंह. कुठं हाय ते सांगायची परवानगी न्हाई, पर बर्फात हाय. काल हितं पारा उणे बारावर हुता, आज उणे अठरावर हाय. बाटलीतलं पाणी दगड झालंय. आता सांगा, जास्त गारठा कवा? आन् पारा वर कवा हुता?"

पप्पा!

ते ग्रुपमध्ये होते खरे, पण आजवर कधी चकार शब्द बोलले नव्हते. म्हणजे कालचं सगळं त्यांनी वाचलं होतं. तरी तिचं नाव घेतलं नव्हतं.

बाईंनी फळ्यावर एक उभी रेघ ओढली. मधोमध शून्य, खाली उणे बारा, त्याच्याही खाली उणे अठरा. शिवांजली उठून थेट टेबलापाशी गेली.

"बाई, मी बोलू?"

बाईंनी फोन तिच्या तोंडापुढं धरला.

"पप्पा, गारठा आज जास्त हाय. काल पारा वर हुता. म्हंजी उणे बारा मोठी." तिनं एकदा फळ्यावरच्या रेघेकडं बघितलं. "काल माझं चुकलं हुतं."

निरोप गेला. सगळा वर्ग फोनकडं डोळे लावून बसला. उत्तर आलं ते एवढंच, "शाब्बास, गड्या!"

वर्गात टाळ्या झाल्या. मल्हार पुढं सरकला. "बाई, तिथला पारा शून्यावर यायला किती चढायला पायजे, हे इचारू का त्यास्नी?"

शिवांजली त्याच्याकडं वळली.

"अठरा," ती म्हणाली. "त्यांना कशाला इचारतोस? मला इचार."