चौथं गुणसूत्र

मडिवाळप्पांनी अल्युमिनियमची किटली कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. तळाशी थोडं गढूळ पाणी होतं. त्यात लाल दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या चिलटांच्या अळ्या वळवळत होत्या.

"सातच ऱ्हायल्या, सर. मी मागावर कामाला होतो तवा मलेरियावाल्यानं समदं घमेलं ओतून दिलं. गटारीतनं एवढ्याच गावल्या."

सर खुर्चीतून उठले. मडिवाळप्पांची मुलगी दाक्षायणी ही त्यांची विद्यार्थिनी. श्रावणात काविळीनं ती गेली, तोवर दोन वर्षं ती या चिलटांच्या गुणसूत्रांची चित्रं काढत होती. एकाच मादीच्या अंड्यांपासून वाढवलेलं कूळ होतं ते. कॉलेजातलं कधीच मरून गेलं होतं. भवानी पेठेत, तिनं घरी नेलेल्या घमेल्यात ते अजून जगलंय, हे सरांना आठ दिवसांपूर्वी कळलं आणि त्यांनी निरोप धाडला.

पोरीनं अंथरुणावरून सांगितलं तसंच केलं, मडिवाळप्पा सांगत होते. रोज चिमूटभर पाल्याची पूड टाकली, पाणी बदललं, वरून मच्छरदाणीचं फडकं बांधलं. चिलटं आतच उडाली, आतच अंडी घातली, पुन्हा अळ्या झाल्या. एक दिवस चुकला नाही.

सरांनी दाक्षायणीची वही उघडून दाखवली. तीन लांब, पट्टेपट्टे असलेली गुणसूत्रं, आणि पट्ट्यापट्ट्यावर बारीक आकडा. चौथ्याचं पान कोरं होतं. तेवढं झालं की सगळं तिच्या नावानं छापून येणार होतं.

"मग काढा की," मडिवाळप्पा म्हणाले.

सरांनी वही बाजूला ठेवली. मग त्यांनी सांगितलं, हे सगळं अळीच्या लाळग्रंथीत दिसतं, आणि ग्रंथी हवी तर सुईनं अळीचं डोकं ओढून काढावं लागतं.

"जित्या अळीचं?"

"हो."

"दाक्षायणी बी असंच करायची?"

"रोज."

मडिवाळप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. घरात झुरळ निघालं तरी ती सुपलीत धरून बाहेर सोडायची, चुकून मुंगी पायाखाली आली तर ओठांतल्या ओठांत तिची माफी मागायची, असं काहीसं ते स्वतःशीच बोलले. मग ते परत आले आणि किटली त्यांनी सरांपुढं सरकवली.

सरांनी कित्येक वर्षांत स्वतः सुई धरली नव्हती. पहिल्या चार अळ्या वाया गेल्या. पाचवीत चौथं गुणसूत्र नीट पसरलं. खात्रीसाठी उरलेल्या दोन्ही लागल्या. सरांनी दोनदा बसायला सांगूनही मडिवाळप्पा दाक्षायणीच्या स्टुलावर बसले नाहीत. उभ्यानंच सातही पाहिल्या.

चित्र पुरं झालं तेव्हा दुपार कलली होती. सरांनी खाली तिचं नाव लिहिलं. मडिवाळप्पांनी किटलीतलं पाणी मोरीत ओतलं, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"डोकं काढायच्या आदी ती काय म्हणायची का हो?"

सरांनी आठवून पाहिलं.

"ओठ हलायचे तिचे. दर वेळी. मला वाटायचं, मोजतेय."

मडिवाळप्पांनी मान हलवली.

"मोजत न्हवती, सर," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.