हिरवा दिवा

सोमवारी सकाळी फाटकावरच्या यंत्राने हौसाबाई गावितांचा तळहात तपासला आणि हिरवा दिवा लावला. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप देणाऱ्या त्या कारखान्यात तीन-चार वर्षांत माणसाचं यकृत सुजायचं, लाल दिवा लागायचा आणि तो घरी बसायचा. हौसाबाईंचं मात्र हे अकरावं वर्ष होतं.

यंत्रच बिघडलं असावं, असं कारखान्याच्या डॉक्टर इरावती पेंढारकरांना वाटलं. त्यांनी हौसाबाईंचं आणि त्यांच्याबरोबर जेवणाऱ्या चौघींचं रक्त तपासलं. पाचही जणी ठणठणीत होत्या.

"हौसाबाई, औषध कोणतं घेता?"

"औषध कसलं, मॅडम? माझ्या डब्यात घेटुळीची भाजी असते. आम्ही पाचजणी वाटून खातो. कावीळ झाली की माझी आई हीच पानं द्यायची."

डॉक्टरांनी पानांचा अर्क काढला. चांदीच्या कणांनी मरणाऱ्या यकृताच्या पेशी त्या अर्कात तग धरून राहिल्या. घरी बसलेले चाळीस कामगार त्या अर्काने वर्षभरात बरे होऊन कामावर परतले.

मग शोधनिबंध लिहायची वेळ आली. "शेवटी आभारात तुमचं नाव घालते," डॉक्टर म्हणाल्या.

"आभार पाहुण्यांचे मानतात, मॅडम. शोध आमचा आहे. नाव वर घाला."

डॉक्टरांनी स्वतःचं नाव एक ओळ खाली घेतलं. "पूर्ण नाव सांगा."

"हौसा ठकी गावित," हौसाबाई ताठ बसून म्हणाल्या. "मधलं नाव आईचं आहे. नीट लिहा."