गाडी उजवीकडे ओढते

काळूरामनं मोटरसायकलच्या मागच्या टायरला सूत गुंडाळलं, दोन्ही टोकं गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढे आणली आणि ताणून विटांना बांधली. लूमचंच सूत, कापडाच्या कारखान्यातून आणलेलं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि पुढच्या चाकापासून सूत किती लांब आहे ते पट्टीनं मोजू लागला. डावीकडे नऊ मिलिमीटर. उजवीकडेही नऊच.

शुक्रवार, लूमला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी माणसानं जरा आडवं व्हावं की नाही? पण हा तिसरा शुक्रवार त्यानं चाकाखाली घालवला होता. उन्हाळ्यापासून गाडी उजवीकडे ओढत होती. परवा मानकोलीला तर सरळ ट्रेलरच्या अंगावरच निघाली. मिस्त्रीनं हँडलचं बेअरिंग बदललं, टायर बदलायला लावला, पण ओढणं काही गेलं नाही.

"झालं का सरळ?" त्याच्या बायकोनं, हौसानं खिडकीतून विचारलं.

खिडकीला लागूनच तिचा पलंग होता. शिमग्याला तिच्या कमरेतली गादी सरकली, तेव्हापासून ती पलंगावरच. लाइट गेलेली, पंखा बंद, म्हणून ती बाहेर बघत पडली होती.

"चाक सरळच हाय," काळूराम म्हणाला. "बघतो चालवून."

तो शेलारच्या फाट्यापर्यंत गेला आणि परत आला. गाडी बंद करून तसाच बसून राहिला.

"काय झालं?"

"परत तेच. जीव नकोसा केलाय हिनं."

"अवो, गाडी न्हाय, तुमीच वाकडे बसता."

"कायपन बोलू नको."

"मी बघितलं ना आता. उजवा खांदा पाडून बसता." हौसा थांबून थांबून बोलत होती. "कारखान्यात जाता-येता मी मागं असायची. लुगड्यात, दोन्ही पाय डावीकडं सोडून. माझा भार डावीकडं, म्हणून तुमी उजवीकडं कलायचा. अठरा वर्षं कललाव. आता मी न्हाय मागं, आन् तुमी अजून कलूनच."

काळूरामनं मान वळवून मागची सीट बघितली. चाळीस लूममधलं कुठलं बिघडलंय ते हा माणूस नुसत्या आवाजावरून सांगायचा, आणि हे त्याला तीन शुक्रवार कळलं नव्हतं. त्याला आधी लाज वाटली. मग भीती वाटली. बेअरिंग बाजारात मिळतं, मागे बसणारी मिळत नाही.

"तू बसशील की," तो म्हणाला. "दिवाळीपतूर. अकलोलीच्या कुंडात नेतो तुला. गरम पान्यानं किती जनांना बरं वाटलंय."

"डॉक्टर काय बोलला ते तुमीपन ऐकलाव. गाडीवर बसायचं न्हाय म्हंजे न्हाय. आता दिवाळी न्हाय आन् शिमगा न्हाय." तिनं डोळे मिटले. "सरळ बसायची सवय करा. तुमी ट्रेलरखाली गेलाव तर मला पानी कोन देईल?"

तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते त्याला अजिबात नको होतं. सरळ बसायचं म्हणजे ती आता मागे बसणार नाही हे कबूल करायचं. तेवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

त्यानं गाडी डबल स्टँडवर चढवली, पाना घेतला आणि मागच्या चाकाचा घट्ट बसलेला नट पुन्हा ढिला केला.

"आता काय करता?" हौसानं डोळे न उघडताच विचारलं.

"चाकातच हाय कायतरी," काळूराम म्हणाला.