पाव्हण्याला गोळी लागत नाही

माऊली दारात चपला काढत होता तेवढ्यात मोहसीननं ती गुपित अक्षरं टाइप करून टाकली. पडद्यावर काहीच बदललं नाही. बदल एवढाच झाला, की खेळातल्या माणसाला आता कितीही गोळ्या लागल्या तरी तो मरणार नव्हता.

भोरच्या एसटी स्टँडमागं मोहसीनच्या थोरल्या भावाचं, रफीकचं, कॉम्प्युटर सेंटर होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की कोपऱ्यातलं मशीन या दोघा दोस्तांचं. खेळ कुठल्याशा हेरगिरीच्या इंग्रजी सिनेमावरून काढलेला होता. सिनेमा दोघांनीही पाहिला नव्हता. त्यातला हेर परक्याच्या घरात न बोलावता शिरतो, म्हणून ते त्याला पाव्हणा म्हणत.

एकटा पाव्हणा, पण त्याला चालवायला हे दोघं. डाव्या खुर्चीत बसून मोहसीन कळा दाबायचा, त्याला भिंतीच्या कडेकडेनं मांजराच्या पावलांनी न्यायचा. उजव्या खुर्चीत माऊली, त्याच्याकडं माऊस आणि बंदूक. आपल्या गावच्या, उत्रोलीच्या भातखाचरात गोफण फिरवून त्याचा नेम तयार झालेला. त्याची गोळी कधी वाया जायची नाही. मोहसीन हळू चालतो म्हणून मात्र तो त्याला खेळ संपेपर्यंत शिव्या घालायचा.

चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रानं माऊलीचा उजवा हात मनगटापासून नेला, त्यानंतर तो आज पहिल्यांदाच आला होता. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट. हात हा शब्दच तोंडातून काढायचा नाही, असं मोहसीननं मनाशी पक्कं केलं होतं. आज माऊली जिंकला पाहिजे. जिंकला तर उद्याही येईल, नाहीतर हा दोस्त कायमचा घरात बसेल, या भीतीनं त्याचा जीव टांगणीला लागला होता.

माऊली सवयीनं उजव्या खुर्चीकडं निघाला. तिथं मोहसीन आधीच बसला होता. माऊलीनं एकदा माऊसकडं बघितलं आणि तो डाव्या खुर्चीत बसला.

"तू चालव, मी मारतो," मोहसीन म्हणाला. "जमंल."

पाव्हणा बंदरावरच्या गोदामात शिरला. माऊलीला दबकत चालणं ठाऊकच नव्हतं. तो सरळ दिव्याखालून निघाला. क्रेनवरच्या पहारेकऱ्यानं गोळ्या झाडल्या. मोहसीनच्या गोळ्या इकडंतिकडं पडत राहिल्या. तरी पाव्हणा पुढंच. एक फाटक गेलं, दुसरं गेलं. आजवर दोघांना कधी दिसली नव्हती ती बोट समोर आली.

"बघ, पोचलो का न्हाई!" मोहसीन म्हणाला.

माऊलीनं कळांवरचा हात काढून घेतला. धक्क्यावर उघड्यात पाव्हणा उभा राहिला. चारी बाजूंनी गोळ्या येत होत्या. तो हलत होता, पण पडत नव्हता. कोपऱ्यातली जिवाची हिरवी पट्टी होती तेवढीच होती. माऊली बराच वेळ ते बघत राहिला.

"मोश्या, ह्याला गोळी लागत न्हाई व्हय?"

"चिलखत घातलंय त्यानं."

"आदी नव्हतं."

मोहसीनचे कान तापले.

"परवा म्या डेअरीला न्यायचं दूध सांडलं," माऊली हळू आवाजात म्हणाला. "समदी किटली. आदीचे आबा असते तर कानाखाली जाळ काढला असता. परवा हूं न्हाई की चूं न्हाई. आईनं फरशी पुसली, वर मलाच भरवाय बसली. घरात कुणी मला लागंल असं बोलतच न्हाई आता." त्यानं पडद्याकडं मान वळवली. "हितं तरी तसं नसंल म्हणून आलतो."

मोहसीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं करायला गेलो आणि दोस्तालाच दूर ढकलून बसलो, हे त्याला लख्ख कळलं. त्यानं खेळ बंद केला आणि पुन्हा लावला. ती अक्षरं या वेळी टाइप केली नाहीत.

पाव्हणा गोदामाशी आला. माऊलीनं त्याला पुन्हा थेट दिव्याखाली नेलं. क्रेनवरून गोळी आली. मोहसीननं घाईघाईनं मारलेली आभाळात गेली. हिरवी पट्टी झरझर आटली, पाव्हणा गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. पडदा लाल झाला.

'असू दे, व्हतं असं,' हे मोहसीनच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"डोळं फुटलं का रं तुजं?" तो ओरडला. "उजेडात कुणी जातं का, येड्या? भिंतीकडनं जायचं सोडून वरातीत निघाल्यावानी चाललाय!"

पलीकडं अर्ज टाइप करून घेणारे एक गृहस्थ वळले. माऊलीची रिकामी बाही त्यांना दिसली, आणि या पोराला काळीज आहे की नाही, अशा नजरेनं त्यांनी मोहसीनकडं बघितलं.

माऊलीनं मान वर केली. तोंड लालबुंद झालं होतं.

"आन् तू रं? दोन-दोन हात हायेत तुला, तरी एक गोळी धड मारता येईना!"

मोहसीनचे डोळे भरून आले. समोरचा पाव्हणा त्याला धुरकट दिसू लागला.

"रडतोस काय? लाव परत," माऊली म्हणाला, आणि त्यानं डावा हात कळांवर ठेवला.